घरी कोण थांबणार?

आमच्या हर्सूलच्या महिला मंडळात सहल ठरली, की पहिला प्रश्न गाडीभाड्याचा नसतो. "कुत्र्याजवळ कोण थांबेल?" हा असतो! पूर्वी सासूबाईंचं पथ्य, मुलांची परीक्षा अशी कारणं असायची. आता त्यांत मोत्याची भर पडलीय.

मैत्रिणींनो, मला प्राण्यांचा लळा आहेच. सकाळी मोत्या मलाच हर्सूल तलावाकडे ओढत नेतो. पण पिल्लू आणताना "आम्ही सांभाळू" म्हणणारी मुलं आईच्या सहलीच्या दिवशीच नेमकी क्लासला कशी जातात? वेरूळला त्याला सोबत नेता येत नाही. संरक्षित स्मारकात जनावरं नेण्यास १९५९च्या नियमांनीच मनाई आहे, आणि ते योग्यच. म्हणून बाईनं कैलास लेणं बघायचंच नाही का? अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेलं ते मंदिर बघायला जगभरातून माणसं येतात. आमच्यातल्या दोघी-तिघींनी मात्र शाळेच्या सहलीनंतर ते पाहिलेलं नाही. अंतर जेमतेम तीस किलोमीटर! २०२३ साली कित्येक वर्षांच्या खंडानंतर सोनेरी महालापाशी वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला, तेव्हाही एक मैत्रीण कुत्र्याला दूध-पोळी घालायची म्हणून घरीच राहिली. नवरा घरातच होता, बरं का!

दुधात पोळी कुस्करायला काही पदवी लागत नाही. मंडळात आता सहलीची तारीख पंधरा दिवस आधी ठरते आणि निरोप घरच्या पुरुषांनाही जातो. मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून आम्ही येत्या बुधवारी एसटीनं निघतोय. मोत्याचं खाणं आमच्या ह्यांच्याकडे, संध्याकाळची फेरी लेकाकडे, असं फ्रिजवर लिहून चिकटवलंय.