आधी कागद वाचून घ्या

तालुक्याच्या गावी कुठल्याही कामाला गेलेला माणूस एक वाक्य हमखास ऐकतो, "नोटरी करून आणा." वारसाची नोंद असो, आधारवरच्या नावातला फरक असो, सामाईक सातबाऱ्यावरच्या भावाबहिणींची संमती असो, नाहीतर पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. मग तो स्टॅम्प व्हेंडरकडे जातो, तिथून टायपिंगवाल्याकडे आणि शेवटी नोटरी वकिलांच्या टेबलाशी. फोटो चिकटतो, अंगठा उमटतो, तिकीट लागते, गोल शिक्का बसतो. गावाकडची बस पकडायची असते. एवढ्या धावपळीत कागदात लिहिले काय आहे, हे विचारायचे तेवढे राहून जाते. नोटरीची तयारी म्हणजे झेरॉक्स आणि फोटो जमवणे, असे आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते खरी तयारी एकच आहे. शिक्का बसण्याआधी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत समजून घ्यायचा.

हे केळापूर तालुक्यासाठी लिहितो आहे, त्याला कारण आहे. इथे कोलाम आहेत, गोंड आहेत, परधान आहेत. पैनगंगेपलीकडे तेलंगणा, त्यामुळे तेलुगू बोलणारी घरेही आहेत. कोलामी आणि गोंडी या स्वतंत्र भाषा. त्या बोलणाऱ्या घरातली म्हातारी बाजारात मराठी बोलते, पण "सदरहू मिळकतीचा कबजा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस बिनतक्रार दिला आहे" हे वाक्य तिला कुणी एकदा वाचून दाखवले तरी उमगणार नाही. मराठी घरातल्या, दहावी शिकलेल्या माणसालाही ते पहिल्या वाचनात उमगत नाही. आणि घरची जमीन जाते ती नेमकी अशाच वाक्यातून.

शिक्का काय सांगतो, ते आधी पाहू. नोटरींचा कायदा १९५२ चा, नियम १९५६ चे. अनुभवी वकिलाला सरकार नोटरी नेमते. त्याचा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर त्याचे नाव, त्याचे कार्यक्षेत्र आणि नेमणाऱ्या सरकारचे नाव. प्रत्येक कामाची नोंद तो आपल्या रजिस्टरमध्ये करतो आणि तिथे आपली सही किंवा अंगठा घेतो. अमुक माणूस अमुक तारखेला माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली, त्याने माझ्यासमोर सही केली, प्रतिज्ञापत्र असेल तर शपथ घेतली, एवढेच तो शिक्का सांगतो. हे काम मोठेच आहे, त्यावर न्यायालय विसंबते. पण मजकूर खरा आहे किंवा व्यवहार कायदेशीर आहे, अशी हमी त्या शिक्क्यात नसते. गावात मात्र "नोटरी झाली" म्हटले की सगळे पक्के झाले, असा समज आहे.

त्या समजाने सर्वांत जास्त नुकसान जमिनीत होते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावेच लागते. बॉण्डवर लिहून, नोटरी करून, पैसे देऊन घेतलेल्या प्लॉटची मालकी घेणाऱ्याकडे येत नाही. मुखत्यारपत्र आणि करारनामा यांच्या जोरावर केलेली विक्री म्हणजे मालकी हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. तरी असे कागद होतात आणि माणसे ते लोखंडी पेटीत जपून ठेवतात.

आदिवासीच्या जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्या तालुक्यातली कितीतरी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६-अ आले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसारख्या कायमच्या व्यवहाराला सरकारची आधीची मान्यताही. हा कायदा उगाच झाला नाही. त्याआधी इतक्या जमिनी हातच्या गेल्या होत्या की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आता मक्त्याचा, म्हणजे भाडेपट्ट्याचा, विचार करा. पोरीचे लग्न किंवा दवाखाना निघतो, हातात पैसा नसतो, आणि वावर तीन वर्षांच्या मक्त्याने दिले जाते. बॉण्ड आणला जातो, दोन साक्षीदार उभे राहतात, नोटरी होते. परवानगी नसेल तर त्या कागदाला कायद्यात बळ नाही. पण वावरात नांगर दुसऱ्याचा चालतो, आणि घरधन्याला वाटत राहते की शिक्का बसला, आता बोलायची सोय नाही. बोलायची सोय आहे. कागदावर अंगठा आहे म्हणून गप्प बसू नका.

बायकांच्या सह्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. भाऊ सांगतो, "ताई, अनुदानासाठी तुझी संमती लागते, सही कर." बहुतेक वेळा ते खरेच असते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५००० रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा सामाईक खातेदारांकडून ना-हरकत पत्रे मागितली होतीच. अनुदान एका भावाच्या खात्यात जमा करायला संमती देणे ही एक गोष्ट झाली. जमिनीतला हक्क सोडणे ही अगदी वेगळी. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, पण संमतीपत्राच्या मध्यातच "माझा सदर मिळकतीत कोणताही हक्क राहणार नाही" अशी ओळ घुसली तर पुढे फेरफाराच्या वेळी तोच कागद बहिणीसमोर धरला जातो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, देशाने २००५ मध्ये. तो हिंदू वारसा कायद्यातला बदल असल्याने अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून आदिवासी बहिणींना आजवर रूढीचे कारण सांगितले गेले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात बाईच्या वारसांना पुरुषांच्या बरोबरीने वाटा दिला आणि बाईला वाटा नाकारणारी रूढी असल्याचे सिद्ध झाले नसताना केवळ ती बाई म्हणून तिला डावलता येणार नाही, असे म्हटले. आपल्या आदिवासी वस्त्यांवर, पोडांवर, गुड्यांवर हा निकाल पोचला पाहिजे. नवरा गेल्यावर, विशेषतः कर्जापायी गेल्यावर, जिच्यापुढे दहा दिवसांत पाच कागद येतात, त्या बाईला तर प्रत्येक कागद घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणण्याचा हक्क आहे. घाई करणाऱ्याला तिने सरळ विचारावे, आजच का?

जाता जाता फारकतीचेही सांगतो. नोटरीचा शिक्का लग्न लावू शकत नाही आणि मोडूही शकत नाही. केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना याबाबत लेखी समज दिली आहे.

मुळात नोटरी लागते का, हेही विचारून घ्यावे. राज्य सरकारने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असे ठरवले. शपथेवरचा कागद लागलाच तरी जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठीच्या आणि सरकारी कचेरीत किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ पासूनच माफ आहे. ते साध्या कागदावर चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली, तेव्हा ही माफी लोकांना ठाऊक असण्याची गरज आणखी वाढली. २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांना ती नव्याने सांगावी लागली. तरी "बॉण्ड आणा" हे सवयीने बोलले जाते, आणि मजुरीवर चालणारे घर पाचशे रुपये मोजते. खिडकीशी विनयाने, पण ठामपणे विचारा, "साहेब, साध्या कागदावर का चालत नाही?" तहसीलदार, नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, त्यांच्यासमोरही शपथ घेता येते.

नोटरी करायचीच ठरली तर काही गोष्टी घरून निघण्याआधी पाहून घ्याव्यात. नाव आणि पत्ता सर्व कागदांवर एकसारखा असावा. आपल्याकडे याचा घोळ तालुक्याच्या नावापासून होतो. केळापूर हे जगदंबेचे गाव, नवरात्रात तेलंगणातूनही भाविक येतात. तालुका त्याच्या नावाचा, पण तहसील आणि न्यायालय शेजारच्या पांढरकवड्यात. त्यामुळे एका कागदावर तालुका केळापूर आणि दुसऱ्यावर तालुका पांढरकवडा असे सहज होते. कागदावर "ता. केळापूर, जि. यवतमाळ" असेच लिहून घ्या. सीताबाई आणि सिताबाई, किसन आणि किसनराव, असल्या फरकांसाठी "एकच व्यक्ती" असल्याचे प्रतिज्ञापत्र करतात. त्यात नावाची सगळी रूपे, ती कोणत्या कागदावर कशी आहेत, हे एकदाच लिहून टाकावे, म्हणजे दर वेळी नवा कागद करावा लागत नाही. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, नुसती झेरॉक्स नको. साक्षीदारालाही त्याचे ओळखपत्र आणायला सांगा.

सही किंवा अंगठा घरी करून नेऊ नका, तो नोटरीसमोरच व्हायला हवा. कोऱ्या बॉण्डवर तर जन्मात करू नका, समोरचा सख्खा असला तरी. रिकाम्या जागांवर रेघ ओढून घ्या, खाडाखोडीशेजारी सही करा, प्रत्येक पानावर सही करा. टायपिंगवाल्याकडचा नमुना जुना असू शकतो. भारतीय दंड संहितेची कलमे त्यात दिसली तर लक्षात आणून द्या, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. खोट्या शपथेला शिक्षा तेव्हाही होती, आताही आहे. नियमानुसार नोटरीने फीचे दर कार्यालयात आत आणि बाहेर लावायचे असतात, पावतीही द्यायची असते. पावती मागण्यात कसला संकोच? रजिस्टरमधला अनुक्रमांक लिहून घ्या आणि पूर्ण झालेल्या कागदाची एक प्रत घरी ठेवा. पुढे वाद झाला तर तोच क्रमांक कामी येतो.

आणि अंगठा देणाऱ्यासाठी शेवटी एक ओळ लिहून घ्यायचीच: "हा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून समजावून सांगितला, तो मला समजला." त्याखाली वाचून दाखवणाऱ्याचे नाव आणि सही. तो वाचणारा ज्याचा त्या कागदात फायदा आहे असा नसावा. पोडावरची बारावी शिकलेली पोरगी, आश्रमशाळेतले गुरुजी, आशाताई, कुणीही चालेल, पण घेणारा किंवा त्याचा माणूस नको. मजकूर वाचून झाला की अंगठा देणाऱ्याला उलट विचारा, "काय समजले, सांगा बरं." त्याला सांगता आले तरच पुढे जायचे.

वाचायला कुणी मिळाले नाही किंवा मनात शंका राहिली, तर तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. फोनवर विचारायचे असेल तर क्रमांक १५१०० आहे.