ओल्या भिंतीवर डिस्टेंपर

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या नवख्या माणसाला हल्ली पहिला सल्ला काय मिळतो? मास्टर ट्रॅकवर एक प्लगइन टाक, त्यातला एखादा भारदस्त नावाचा प्रीसेट निवड, झालं गाणं तयार! मंडळी, माझा या सल्ल्यावर राग आहे. आज तो काढतोच.

प्रीसेट लावला की गाणं एकदम "प्रोफेशनल" वाटतं, हे खरं. पण का वाटतं? बहुतेक वेळा ते फक्त मोठं झालेलं असतं. आवाज वाढला की कानाला खर्ज जास्त भरून ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय. म्हणजे प्लगइन विकणाऱ्याला काही करावंच लागत नाही, नुसतं चार डेसिबलनी वर ढकललं की गिऱ्हाईक खूश. विश्वास बसत नसेल तर प्लगइनचा आऊटपुट तेवढाच खाली ओढा आणि मग चालू-बंद करून ऐका. निम्मी जादू तिथेच उतरते. उरलेल्या निम्म्यात बऱ्याचदा नुकसानच असतं.

तबल्याचंच घ्या. चाटीवरच्या 'ना'चा पहिला टणका काही मिलिसेकंदांचा असतो, आणि तबल्याची सगळी शान त्यात. लिमिटर नेमका तोच कापतो, कारण सगळ्यात उंच शिखर तेच! त्या बदल्यात खालचं सगळं वर येतं : तानपुरा, गायकाचा श्वास, छताचा पंखा आणि शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी. कोडमध्ये बग असताना कंपायलरचं ऑप्टिमायझेशन वाढवून काय होतं? तोच बग जास्त वेगाने पळतो. इथेही तेच.

बरं, हे सगळं कशासाठी? तर गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं म्हणून. ही लढाई सीडीच्या जमान्यातली. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला तेव्हा सीडी इतकी दाबलेली होती की त्याच गाण्यांची 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली आवृत्ती लोकांना बरी वाटली, आणि हजारो चाहत्यांनी नव्याने मास्टरिंग करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. आज तर स्पॉटिफाय मुळातच सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला आणून वाजवतं. तुम्ही घाम गाळून उणे ८ ला नेलंत, तर ते ६ डेसिबल खाली येणार. मोठेपणा गेला, तबल्याचा चेंदा तेवढा राहिला! वॉट्सअॅपवर पाठवलेल्या फाईलला असं कोणी समान करत नाही, मान्य. पण तिथे ऐकणाऱ्याच्या फोनला आवाजाचं बटण असतं की राव.

खरी गोम खोलीत आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण खोली डाऊनलोड करता येत नाही. आपल्या बेडरूमा दहा फुटी, खाली फरशी, भिंती उघड्या. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. खुर्ची भिंतीला लावून बसलात तर तो फुगलेला, बरोबर मध्यावर बसलात तर जवळजवळ गायब. अशा ठिकाणी बसून ईक्यूवर अर्ध्या डेसिबलचे फेरफार करायचे? हसू नको तर काय! मास्टरिंग करणारा माणूस मुळात वेगळा ठेवत, तो याचसाठी : दुसरे कान, दुसरी खोली.

शनिवार मोकळा आहे ना? मग कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाका, पाठीमागे गोधडी टांगा, पंखा बंद करा, माईक वीतभर पुढे-मागे करून चार वेळा ऐका. २४ बिटवर शिखरं उणे १२ च्या आसपास ठेवून रेकॉर्ड करा, खाली भरपूर जागा असते. मिक्समध्ये गायकाचा आवाज बुजतोय? मग गायकाचा फेडर वर करा, मास्टरवर औषध लावू नका. शेवटी लिमिटर लावायचाच असेल तर छत उणे १ डेसिबलवर ठेवा आणि त्याची सुई क्वचितच हलू द्या.

आणि ते क्रॅक केलेलं प्लगइनांचं बोचकं, चाळीस जीबीचं, जे मित्राने पेनड्राइव्हवर दिलंय... ते तिकडेच राहू दे. रीपरबरोबर येणारा साधा ईक्यू आणि कॉम्प्रेसर तरी अजून कुठे पुरता शिकून झालाय?