आजार दिसायला ३० वर्षं, दावा करायला २ वर्षं : अ‍ॅस्बेस्टॉसची भरपाई नेमकी कुठे अडते?

नांदेड, लातूरकडे ज्याला सरळ 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात, त्यातले बरेचसे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. जुन्या गोदामांवर, गोठ्यांवर, पत्र्याच्या घरांवर ते आजही दिसतात. जुन्या पाणीपुरवठा योजनांमध्ये 'एसी पाईप' टाकले जायचे, त्यातला 'ए' म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हे सगळं बनवणारे, कापणारे, बसवणारे आणि फोडणारे हात मात्र कुठल्याच आकडेवारीत नीट दिसत नाहीत.

यातल्या कुणाला वीस-तीस वर्षांनी फुफ्फुसाचा आजार झाला, तर त्याला भरपाई मिळू शकते का? कायद्याचं उत्तर आहे, हो. मग ती मिळवणं इतकं अवघड का? याचं उत्तर बरंचसं एका गोष्टीत आहे. आजाराचं घड्याळ वेगळं चालतं आणि कायद्याचं वेगळं.

आधी आजार समजून घेऊ

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे. त्याचे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. पत्रा नुसता छपरावर पडून असेल तर धोका त्या मानाने कमी असतो. तो ग्राइंडरने कापला, ड्रिल मारलं, फोडला किंवा जुना होऊन झिजू लागला, की तंतू हवेत जातात आणि श्वासातून फुफ्फुसात उतरतात. शरीर त्यांना सहज बाहेर टाकू शकत नाही.

त्यातून मुख्यतः तीन गंभीर आजार होतात. पहिला अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुफ्फुस हळूहळू कडक होत जाणं. दुसरा फुफ्फुसाचा कॅन्सर. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कॅन्सरकारक आहेत. भारतात आजही वापरला जाणारा 'क्रायसोटाईल' हा पांढरा प्रकारही त्यात येतो. नियंत्रित वापर सुरक्षित असतो, असं उद्योगाचं म्हणणं आहे. पण अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार थांबवायचे तर त्याचा वापरच थांबवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

भरपाईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत अनेकदा २० ते ४० वर्षं जातात. मेसोथेलिओमाला त्याहूनही जास्त लागू शकतात.

हे महाराष्ट्रात झालंय का?

झालंय. मुंबईतल्या 'ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर'चे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी केली. पाचपैकी एकाहून जास्त कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचं त्यात आढळलं. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे कामगार एका कारखान्यात होते, एका यादीत होते आणि त्यांना तपासणारे डॉक्टर मुंबईतच होते. मराठवाड्यातून कामाला गेलेल्यांच्या बाबतीत तसं नसतं. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, औसा या भागांतून लोक पिढ्यान् पिढ्या मुंबई, पुणे, हैदराबादला कामाला जातात. कुणी कारखान्यात लागतं, कुणी बांधकामावर, कुणी जुन्या इमारती पाडायच्या कामावर. वय झालं की देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसने गावी परततात. धाप लागायला सुरुवात होते ती गावात. तोवर कारखाना पाचशे-सहाशे किलोमीटर मागे राहिलेला असतो आणि हजेरीची कागदपत्रंही तिकडेच असतात.

गावाकडे सततचा खोकला, धाप आणि वजन घटणं दिसलं की पहिला संशय टीबीचा येतो. तो चुकीचा नाही, टीबी आहेच. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधाने फरक पडत नाही, तरी 'तुम्ही आधी काय काम करायचा?' हा प्रश्न विचारला जात नाही. तिथेच भरपाईचा रस्ता बंद व्हायला लागतो.

कायदा काय सांगतो?

कारखाना किंवा आस्थापना ईएसआय योजनेत असेल आणि कामगार विमाधारक असेल, तर दावा ईएसआयकडे जातो. तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्व किती टक्के ते ठरवतं आणि त्यानुसार लाभ मिळतो.

ईएसआय लागू नसेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. अ‍ॅस्बेस्टॉसिस त्यात आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही आहे. कामगाराने एकापेक्षा जास्त मालकांकडे असं काम केलं असेल, तर जबाबदारी त्यांच्यात वाटून देण्याची तरतूद आहे. ठेकेदारामार्फत काम केलं असेल तर मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे स्वतःत सामावून घेतले. व्यवसायजन्य आजारांची यादी आणि भरपाईची पद्धत यांचा गाभा मात्र तोच आहे.

रक्कम किती मिळू शकते?

१९२३ च्या कायद्याचं सूत्र असं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचा ६० टक्के भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. मृत्यू झाला तर ५० टक्के भाग गुणिले तोच आकडा. २०२० पासून या हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो.

समजा, वय ५० आणि पगार १२,००० रुपये आहे. ५० वर्षांसाठीचा आकडा १५३.०९. म्हणजे पूर्ण अपंगत्वासाठी ७,२०० गुणिले १५३.०९, साधारण ११ लाख २ हजार रुपये. मृत्यू झाल्यास कुटुंबाला साधारण ९ लाख १८ हजार रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते.

आता वयाचा परिणाम बघा. ६० व्या वर्षी हा आकडा ११७.४१ वर येतो आणि ६५ नंतर ९९.३७ वर. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार तर उतारवयातच दिसतात. म्हणजे जो आजार मुळातच उशिरा येतो, त्याची भरपाई हे सूत्र उशीर झाला म्हणून कमी करतं.

मग नेमकं अडतं कुठे?

पहिली अडचण मुदतीची. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. नव्या संहितेतही ही मुदत दोन वर्षांचीच आहे. आजारामुळे कामावर सलग गैरहजेरी सुरू झाली, तो पहिला दिवस 'अपघाताचा दिवस' मानला जातो. काम सोडलेल्या माणसासाठीही तरतूद आहे, पण ती काम सोडल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर. २००० साली काम सोडलं आणि २०२० मध्ये धाप लागली, अशा माणसाचा विचार या वाक्यात कुठे आहे?

दार पूर्ण बंद आहे असंही नाही. उशिरामागे पुरेसं कारण असेल तर दावा दाखल करून घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. पण मग आजारी माणसाला आधी उशिराबद्दल भांडावं लागतं आणि आजाराबद्दल नंतर.

दुसरी अडचण पुराव्याची. त्या काळात, त्या कारखान्यात, त्या खात्यात काम केलं हे दाखवावं लागतं. नाका कामगाराकडे आणि ठेकेदाराच्या माणसाकडे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

सुप्रीम कोर्टाने हे ३० वर्षांपूर्वीच ओळखलं होतं

अहमदाबादच्या 'कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर' या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि हे संरक्षण निवृत्तीनंतरही लागू राहतं, असं कोर्टाने म्हटलं.

प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवा, असा आदेश अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना देण्यात आला. त्या प्रकरणातल्या ज्या कामगारांना अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचं प्रमाणपत्र देईल, त्यांना कारखान्याने तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यावेत, असंही कोर्टाने सांगितलं.

विसंगती इथे आहे. आजार ४० वर्षांनी येऊ शकतो हे मान्य करून नोंदी तेवढा काळ जपायला सांगितलं जातं, पण दाव्याच्या कलमातलं घड्याळ दोन वर्षांवरच राहतं. नोंदींची जबाबदारी मालकाची आहे, तरी प्रत्यक्षात पुरावा शोधत फिरतो तो कामगार.

पुढे २०११ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने मान्य केली नाही. वापर सुरू राहणार असेल, तर भरपाईची व्यवस्था चालणं आणखीच गरजेचं ठरतं.

इतरांनी काय केलं?

मालकच सापडत नसेल तर काय, हा प्रश्न इतर देशांनाही पडला. फ्रान्सने २००० साली कायदा करून अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांसाठी वेगळा निधी उभारला. जपानमध्ये २००५ साली एका कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांनाही मेसोथेलिओमा झाल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी तिथे कामगार नसलेल्या पीडितांनाही मदत देणारा कायदा आला. ब्रिटनने २०१४ मध्ये विमा कंपन्यांकडून पैसे गोळा करून योजना सुरू केली. ज्यांचा मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडत नाही, अशा मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी ती आहे.

उदाहरण भारतातही आहे. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांसाठी धोरण आणलं. आजाराचं प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये. त्यासाठी मालकाशी कोर्टात भांडावं लागत नाही. रक्कम मोठी नाही, पण माणूस जिवंत असताना हातात पडू शकते. महाराष्ट्रातल्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा.

नांदेड-लातूरमध्ये परतलेला कामगार आज काय करू शकतो?

- कामाचा इतिहास केस पेपरवर लिहून घ्यावा. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, डॉक्टरांना कुठे, किती वर्षं, काय काम केलं ते सांगावं आणि ते कागदावर येईल हे बघावं. छातीचा एक्स-रे, एचआरसीटी आणि फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी यांचे रिपोर्ट जपावेत. कारखाना कामगाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला तर कारखाना निरीक्षकांना कळवणं हे डॉक्टरचंही कायदेशीर कर्तव्य आहे.

- जुने कागद शोधावेत. पीएफची पावती किंवा पासबुक, ईएसआय कार्ड, गेट पास, पगाराची स्लिप, युनियनची पावती. काहीच नसेल तर सोबत काम केलेल्यांची साक्ष कामी येऊ शकते. बांधकाम कामगारांनी कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी चालू ठेवावी. आपण हेच काम करतो याचा तो एक सरकारी कागद असतो.

- निदानाची तारीख जपावी. ज्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा आजाराचं नाव लिहिलं, तो कागद उशिराचं कारण पटवून देताना सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. त्यानंतर थांबू नये.

- दाव्यासाठी मुंबईला जावंच लागतं असं नाही. भरपाई कायद्याखाली कामगार, किंवा त्याच्या मृत्यूनंतर दावा करणारे वारस, जिथे राहतात तिथेही दावा दाखल करता येतो. कारखाना कुठेही असला तरी.

- वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

यात एक मोठा गट मात्र बाहेरच राहतो. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे वर्षानुवर्षं धुणारी बायको, किंवा स्वतःच्या घराचे पत्रे स्वतःच कापणारा शेतकरी. त्यांना मालकच नाही, त्यामुळे भरपाई कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत. त्यांच्याकडे उरतो तो दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता.

दोन वर्षांची मुदत कामगाराने काम सोडल्याच्या दिवसापासून मोजायची की त्याच्या हातात निदानाचा कागद पडल्यापासून? कायद्यात एवढा एक बदल झाला, तर गावी परतलेल्या अनेकांचा दावा निदान ऐकला तरी जाईल.