आग विझविणाऱ्याचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

१७ एप्रिल २०१३ रोजी सायंकाळी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील वेस्ट या गावी खताच्या एका गोदामाला आग लागली. गाव जेमतेम २,८०० वस्तीचे. पगारी अग्निशमन दल बाळगण्याची अशा गावाची ऐपत नसते. वर्दी आली की गावातले स्वयंसेवक हातचे काम टाकून बंबाकडे धावतात. त्या संध्याकाळीही ते धावले. पहिली वर्दी ७ वाजून २९ मिनिटांनी आली आणि ७ वाजून ५१ मिनिटांनी गोदामातील सुमारे ३० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ माणसे मेली. त्यांपैकी १२ जण आग विझविण्यासाठी व मदतीसाठी गेलेले होते, आणि त्यांत बहुतेक स्वयंसेवक होते.

रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या संघीय मंडळाने २०१६ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. हे खत अशा आगीत स्फोट पावू शकते याची जाणीव त्या स्वयंसेवकांना कोणी करून दिलेली नव्हती. घातक रसायनांच्या आगीपुढे कसे उभे राहावे, मुख्य म्हणजे केव्हा मागे सरावे, याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, असे त्यात नमूद आहे. टेक्सासमध्ये पगारी जवानाला राज्याच्या प्रशिक्षणाच्या अटी बंधनकारक होत्या. स्वयंसेवकाला त्या ऐच्छिक होत्या. आग मात्र असा भेद करीत नाही.

याच राज्यातील टेक्सास सिटी बंदरात १६ एप्रिल १९४७ रोजी याच रसायनाने भरलेले जहाज पेटले होते. गावच्या स्वयंसेवक दलात २८ जण होते; त्यांतील २७ जण स्फोटात ठार झाले. मधल्या ६६ वर्षांत अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरविला, पण पेटलेल्या अमोनियम नायट्रेटपासून दूर राहावे हा धडा वेस्टच्या बंबापर्यंत पोहोचविणे तिला साधले नाही.

या घटनेनंतर जो वाद पुन्हा उफाळला तो वरवर पाहता प्रशासकीय वाटतो. प्रशिक्षणाचे ठरलेले तास ज्याने पुरे केले नाहीत अशा स्वयंसेवकाचे करायचे काय? एक पक्ष म्हणतो, नियम म्हणजे नियम. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही त्याला दलातून काढावे. दुसरा पक्ष म्हणतो, बिचारा फुकट राबतो, त्याच्यावर अटी कसल्या लादता. अटी लादाल तर उद्या बंबावर चढायला कोणी उरणार नाही. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात. परंतु स्वयंसेवकाच्या शिक्षणाचा खर्च समाजाच्या तिजोरीतून व्हावा, ही मागणी मात्र दोघांच्याही भांडणात मागे पडते.

आकडे पाहिले म्हणजे या विस्मरणाचे कारण कळते. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या २०२० च्या पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते आणि त्यांतील ६५ टक्के, म्हणजे ६ लाख ७७ हजारांच्या आसपास, स्वयंसेवक होते. त्यांच्या विनामूल्य श्रमामुळे गावांचे व नगरांचे वर्षाला सुमारे ४,६९० कोटी डॉलर वाचतात, असा स्वयंसेवकांच्या राष्ट्रीय परिषदेचा अंदाज आहे. संघटनेने हा आकडा अभिमानाने सांगितला आहे, आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की एवढ्या रकमेचा कर न भरता जगातील सर्वांत धनाढ्य देशातील मालमत्ता सुरक्षित राहते. ज्याचे घर जळू शकते तो आणि ज्याचे गोदाम जळू शकते तो, दोघांनाही हा स्वयंसेवक सारख्याच भावात मिळतो. पण एकाच्या घरात चार पलंग असतात आणि दुसऱ्याच्या गोदामात टनावारी स्फोटक खत.

वेस्टच्या गोदामाचा विमा अवघा १० लाख डॉलरचा होता. नुकसान २० कोटी डॉलरच्या वर गेले. कामगार-सुरक्षेच्या संघीय खात्याची त्या जागेवरील शेवटची तपासणी १९८५ सालची होती. लाकडी इमारतीत लाकडी कप्प्यांत खत भरलेले. आग लागताच आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा नाही. शेजारी वृद्धाश्रम आणि शाळा. मालकाला तपासणी नाही, स्वयंसेवकाला शिक्षण नाही, आणि दोघांच्या मध्ये सरकारही नाही. अशा ठिकाणी मेलेल्या स्वयंसेवकाचे तास कमी पडले होते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून असेल, पण न्यायाला धरून नाही.

तास कमी का पडतात? अनेक राज्यांत प्राथमिक अभ्यासक्रमच शंभराहून अधिक तासांचा आहे. ते तास रात्रीचे किंवा शनिवार-रविवारचे असतात. वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी. जाण्यायेण्याचे पेट्रोल बहुधा स्वतःचे. जो दोन नोकऱ्या करून घर चालवितो, ज्याची पाळी रात्रीची आहे, ज्या बाईला मूल सांभाळायला कोणी नाही, त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. दुकानदार व निवृत्तिवेतनधारक तेवढे वेळेवर हजर राहतात. शिवाय लहान गावांत स्वयंसेवकांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास लोकांनी पन्नाशी ओलांडलेली आहे. म्हणजे नियम नुसताच कडक केला तर दलातून आळशी माणूस जाईलच असे नाही. गरीब आणि कष्टकरी माणूस मात्र नक्की जाईल.

पण यावरून अट सैल करावी असा निष्कर्ष काढणे हा दुसरा, आणि अधिक घातक, प्रमाद होईल. डाव्या चळवळीतील पुष्कळांचे मन येथे हळवे होते. हा माणूस आपला आहे, राबणारा आहे, त्याच्याकडे कागद कसला मागायचा? धुराने भरलेल्या घरात शिरलेला अर्धशिक्षित माणूस एकटा मरत नाही. त्याला काढायला आत जाणाऱ्या दुसऱ्यालाही तो संकटात घालतो. कमी शिकलेल्यावर दया म्हणून त्याला नळी हातात देऊन आत पाठविणे ही दया नव्हे. गरिबाच्या पोराला दुय्यम दर्जाची शाळा चालेल असे म्हणणारा आणि स्वयंसेवकाला दुय्यम दर्जाची तालीम चालेल असे म्हणणारा, यांच्यात तत्त्वतः फरक नाही.

मग जो कमी पडतो त्याचे काय करावे, याला सरळ व्यावहारिक उत्तर आहे आणि अनेक समंजस दलप्रमुख ते अंमलातही आणतात. त्याला काढू नये आणि आतही पाठवू नये. पाण्याचा टँकर चालविणे, बंबाचा पंप सांभाळणे, नळ्या पसरणे व गुंडाळणे, रस्त्यावरची गर्दी हटविणे, श्वसनयंत्राच्या टाक्या भरून देणे, ही कामे बाहेरचीच असतात आणि त्यांच्याविना आतला माणूस पाच मिनिटेही टिकत नाही. प्रत्येक कामाला त्याचे त्याचे शिक्षण लागते. ते झाले की ते काम त्याचे. पुढचे तास पुरे होतील तसतशी पुढची जबाबदारी. आणि आत जाण्याची मनाई जाहीर असावी. आणीबाणीच्या क्षणी दलप्रमुखाच्या भिडेवर ती सोडू नये. कारण शेजाऱ्याचे घर पेटलेले असताना ‘तू बाहेर थांब’ असे ओळखीच्या माणसाला सांगणे फार कठीण असते. वेस्टसारख्या गावात तर सगळेच एकमेकांचे ओळखीचे असतात.

खर्चाच्या बाबतीत जर्मनीचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे दहा लाखांच्या आसपास लोक स्वयंसेवक अग्निशमन दलांत आहेत. पगारी जवान त्या मानाने मूठभर. प्राथमिक शिक्षणाचा पहिला टप्पाच ७० तासांचा असतो आणि त्यातून सुटका नाही. परंतु तेथील राज्यांच्या कायद्यांनी मालकावर बंधन घातले आहे की, आगीची वर्दी आली किंवा कामाच्या वेळेत प्रशिक्षण असले तर कामगाराला पगारी मोकळीक द्यावी. खाजगी मालकाने दिलेला तो पगार नगरपालिका भरून देते. जर्मनी काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तरीही स्वयंसेवा म्हणजे फुकटेपणा नव्हे एवढे तेथील भांडवलशाहीलाही मान्य करावे लागले आहे.

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये १९८० च्या जुन्या नियमाच्या जागी नव्या नियमांचा मसुदा मांडला. स्वयंसेवकांच्या राष्ट्रीय परिषदेने त्यास विरोध केला. हा खर्च लहान दलांना पेलणार नाही आणि अनेक दले बंद पडतील, अशी तिची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. मसुद्यात अटी होत्या. त्या पाळण्यासाठी पैसा कोठून येणार याची सोय नव्हती. गंमत अशी की टेक्सासमधील गावच्या स्वयंसेवकांना या नियमांचा लाभ मिळण्याची शक्यताच थोडी. कारण राज्य व स्थानिक संस्थांच्या सेवकांवर या खात्याचा अधिकार चालत नाही, आणि टेक्सासने स्वतःची पर्यायी योजना केलेली नाही. २०१५ साली तेथील विधिमंडळाने खताच्या गोदामांच्या तपासणीचा कायदा केला. स्वयंसेवकाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला त्यात स्थान मिळाले नाही.

टेक्सास दूर आहे, पण आगीपुढे अपुऱ्या तयारीने उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रश्न दूरचा नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझविताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. ते स्वयंसेवक नव्हते, मजुरीवर होते. वणव्याचे शिक्षण त्यांना किती दिले होते हा प्रश्न तेवढ्याने संपत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत तर स्वयंसेवकच आहेत. ३५० जिल्ह्यांत एक लाख तरुण, बारा दिवसांचे शिक्षण, अशी तिची आखणी. बारा दिवसांत पूर, आग, प्रथमोपचार सारे शिकवायचे आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत घडलेल्या कार्यकर्त्याला एका शिबिरात किती मुरते आणि सरावाविना किती विरते हे कोणी सांगावयास नको.

पक्षाच्या तालुका शाखांनी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन आपल्या भागातील आपदा मित्रांची यादी मागावी. प्रत्येकाचे शिक्षण केव्हा झाले, त्यानंतर सराव किती वेळा झाला, सरावाच्या दिवसाची मजुरी कोणी भरून दिली, विमा चालू आहे की संपला, आणि पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागला तर यांपैकी कोणाला पुढे पाठविणार व कोणाला मागे ठेवणार, हे लेखी विचारावे.