मधुर तें हलकें काय ?

अमेरिकन गायक-गीतकार एमिट ऱ्होड्स याचें नांव निघालें, कीं ‘एकट्या माणसाचे बीटल्स’ असें म्हणावयाचें आणि पुढच्या विषयाकडे वळावयाचें, अशी पाश्चात्य लोकप्रिय संगीतावर लिहिणारांची फार दिवसांची रीत आहे. हें वाक्य स्तुति म्हणून उच्चारलें जातें. आमच्या मतें ती स्तुति नव्हे. न ऐकतां निकाल देण्याची ती सोय आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ऱ्होड्सच्या नांवाची जी तबकडी १९७० सालीं निघाली, ती त्यानें कॅलिफोर्नियांतील हॉथॉर्न येथें, आईबापांच्या घरीं, स्वतःच्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केली. पियानो, गिटार, बास आणि ड्रम हीं सारीं वाद्यें त्यानें एकामागून एक वाजविलीं; मुख्य गळा त्याचा, आणि साथीचे गळेहि त्याचेच. वय अवघें वीस वर्षांचें. डनहिल कंपनीनें ती तबकडी प्रसिद्ध केली व ‘बिलबोर्ड’च्या यादींत ती एकोणतिसाव्या क्रमांकापर्यंत चढली.

या जातीच्या गाण्यास ‘पॉवर पॉप’ म्हणतात. हा शब्द पीट टाउनशेंड यानें १९६७ सालीं प्रथम वापरला. ठसठशीत ताल, खणखणीत गिटार, एकांत एक मिसळलेले आवाज आणि एकदां ऐकतांच मनांत घर करणारी चाल, हीं त्याचीं लक्षणें. त्यावर पूर्वपक्ष असा, कीं हा सांचा बीटल्सनीं पाडला. मागून येणारे सारे नकलाकार. हा न्याय मान्य केला, तर मंदाक्रांता वृत्तांत लिहिणारा प्रत्येक कवि कालिदासाचा नकलाकार ठरेल ! वृत्त ही समाईक मालमत्ता असते. त्यांत कोण काय ओततो, हा प्रश्न. बीटल्सच्या गाण्यांमागें चार जणांची एकमेकांवरील कुरघोडी होती आणि जॉर्ज मार्टिनसारखा जाणता निर्माता होता. ऱ्होड्सला हटकणारें कोणीहि नव्हतें. स्वतःच्याच तालावर स्वतःच स्वर चढवीत तो गाणें उभें करतो. म्हणूनच त्या गाण्यांत एकाकी माणसानें आपल्याशींच चालविलेल्या संभाषणाचा सूर लागतो. तो सूर बीटल्सचा नव्हे.

दुसरा आक्षेप याहून घातक आहे : जें मधुर तें सोपें, आणि सोपें तें हलकें. ज्यांना असें वाटतें त्यांनी दोन ओळींची चाल रचून पाहावी. दुर्बोधतेच्या आड दोष लपवितां येतात. उघड्या चालींत एक स्वर चुकला तर तो पोरासहि कळतो. ऱ्होड्सचें ‘ललबाय’ हें गाणें जेमतेम मिनिटाचें आहे. त्यांत भरतीचा एकहि शब्द नाहीं. २००१ सालच्या ‘द रॉयल टेननबॉम्स’ या चित्रपटांत तें घेतलें गेलें, तेव्हां त्याला एकतीस वर्षें झालीं होतीं. तरीहि तें शिळें वाटलें नाहीं.

मग हा गुणी माणूस गप्प कां झाला ? येथें टीकाकार नशिबाकडे बोट दाखवितात. आम्ही कराराकडे दाखवितों. दर सहा महिन्यांस एक तबकडी, असें त्याच्याकडून लिहून घेतलेलें होतें. जो सर्व वाद्यें स्वतः वाजवितो, सर्व आवाज स्वतः गातो आणि यंत्रहि स्वतःच चालवितो, त्यानें सहा महिन्यांत पुस्तकाचें नवें पान उलटावें तशी तबकडी काढावयाची ! तें अशक्यच होतें. कंपनीनें त्याच्यावर अडीच लक्ष डॉलरांचा दावा लावला आणि त्याचें मानधन अडवून धरलें. १९७१ सालीं ‘मिरर’ आणि १९७३ सालीं ‘फेअरवेल टु पॅराडाइज’ या तबकड्या आल्या. त्यानंतरची नवी तबकडी २०१६ सालीं. मधलीं त्रेचाळीस वर्षें नशिबानें खाल्लीं नाहींत. गाण्यास धान्याच्या पोत्याप्रमाणें मोजणाऱ्या बुद्धीनें खाल्लीं.

शेवटीं त्याच्या हळव्या चाहत्यांसहि दोन शब्द. ऱ्होड्स २०२० सालीं वारला, आणि तेव्हांपासून ‘उपेक्षित प्रतिभा’ या नांवाखालीं त्याच्या दैन्याचेंच कौतुक अधिक चाललें आहे. हा उपेक्षेचाच दुसरा प्रकार होय. एखाद्याच्या कपाळावरील जखम पाहून हळहळणें निराळें आणि त्याच्या कंठाकडे कान देणें निराळें. त्याचे शब्द कित्येक ठिकाणीं तोकडे आहेत, हें आम्हांस मान्य आहे; परंतु तो दोषहि ऐकूनच ठरवावयाचा असतो, दया करून नव्हे. कलावंताचें देणें अश्रूंनीं फिटत नाहीं; तें ऐकल्यानेंच फिटतें.