नौकेचा तोल : वजन किती, याहून ते कोठे हा प्रश्न महत्त्वाचा

जबलपूर शहरातील अधारताल हा भाग राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाच्या तलावासाठी ओळखला जातो. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठही याच परिसरात आहे. अरबी समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी ट्रॉलर नौकेच्या तोलाचा प्रश्न या भागाला परका नाही. शहराजवळ नर्मदेवर बांधलेले बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ७५ किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांनी मासेमारी पत्करली. १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला या जलाशयात मासेमारीचा हक्क मिळाला. ज्यांच्या पिढ्या नांगरावर गेल्या, त्यांच्या हाती नौका आली. नौका समुद्रातील असो वा जलाशयातील, तिच्या तोलाचे नियम एकच असतात.

नौका जास्त वजनाने बुडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वजन किती आहे याइतकेच ते कोठे आहे, याला महत्त्व असते. एकूण वजनाचा मध्य खाली असेल, तर कललेली नौका पाण्याच्या रेट्याने पुन्हा सरळ होते. हा मध्य वर सरकत गेला, की सरळ होण्याची शक्ती घटते आणि एका मर्यादेनंतर नौका उलटते. या शक्तीचे माप नौकाशास्त्रात ‘मेटासेंट्रिक हाइट’ या नावाने ओळखले जाते. एक डेक असलेल्या मासेमारी नौकेसाठी ते किमान ३५ सेंटीमीटर असावे, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या संहितेची शिफारस आहे.

नौकेचा तोल राखण्यासाठी तळाशी जे वजन ठेवले जाते, त्याला बॅलास्ट म्हणतात. खलाशांच्या भाषेत त्याला नीरम हा जुना शब्द आहे. शिडाच्या गलबतांत त्यासाठी दगड आणि वाळू भरली जात असे. आजच्या नौकांत सिमेंटचे ठोकळे, लोखंड किंवा शिसे वापरले जाते.

ट्रॉलरची अडचण

ट्रॉलरचा भार सफरीत सतत बदलत असतो. बंदरातून निघताना डिझेलच्या टाक्या आणि बर्फाचे कप्पे भरलेले असतात. परतताना टाक्या रिकाम्या होत आलेल्या असतात, भिजलेले जाळे डेकवर असते आणि मासळी एखाद्या कप्प्यातच साठलेली असू शकते. त्यात जाळे ओढणारी विंच आणि लोखंडी कमान उंचावर असते. जाळे समुद्रतळाशी अडकले, तर त्याचा ताण नौकेला एका बाजूला खेचतो. निघताना सुरक्षित असलेली नौका परतताना तशीच असेल, याची खात्री देता येत नाही.

वजन पुढे जास्त झाले, तर नाळ लाटेत घुसते आणि पंखा पाण्याबाहेर येऊ लागतो. मागे जास्त झाले, तर मागून येणाऱ्या लाटेचे पाणी डेकवर चढते. आडव्या कलाचे गणित सोपे आहे. मध्यरेषेपासून २ मीटरवर ठेवलेले १०० किलो वजन जेवढा कल देते, तेवढाच कल १ मीटरवरील २०० किलो वजन देते. म्हणून कल दिसला, की प्रथम सामान, इंधन आणि मासळीची जागा बदलून पाहावी लागते. त्याने भागले नाही, तरच नीरम घालण्याचा विचार योग्य ठरतो.

उपायाची किंमत

नीरम हा फुकटचा उपाय नाही. पाण्याच्या पातळीवर ४० चौरस मीटर क्षेत्रफळ असलेल्या नौकेत २ टन वजन घातले, तर ती सुमारे ५ सेंटीमीटर खाली बसते. पाणी आणि डेक यांतील अंतर तेवढे घटते आणि लाट आत येण्याचा धोका वाढतो. नीरम सैल राहिले, तर ते लाटेबरोबर घसरते आणि तोल राखण्याऐवजी नौका उलटवते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी आणि कप्प्यात सुटी पडलेली मासळीही असाच धोका निर्माण करतात. दुसरीकडे, तळाशी गरजेपेक्षा जास्त वजन घातले, तर नौका झटके देत डोलते. त्यात माणसे पडतात आणि सामान निखळते.

केवळ नीरम घालून चुकीचा आराखडा सुधारत नाही, हा धडा जुना आहे. १६२८ मध्ये स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात उलटली. तिच्या तळाशी सुमारे १२० टन दगड होते. वरच्या तोफांचे आणि बांधकामाचे वजन पेलण्यास ते पुरले नाहीत. आणखी दगड भरावेत, तर तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकण्याची भीती होती.

प्रवासी हेही वजनच

महाराष्ट्राला या प्रश्नाची सर्वांत दाहक आठवण १७ जुलै १९४७ ची आहे. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट लाटेच्या तडाख्याने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक जणांचा बळी गेला. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडी येथे वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला जमले असता दुमजली पर्यटक बोट उलटली आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. ७ मे २०२३ रोजी केरळमधीलच तानूर येथे २२ जणांचा मृत्यू झाला. ती नौका मूळची मासेमारीची होती आणि तिचे पर्यटक बोटीत रूपांतर करण्यात आले होते, असे तपासात समोर आले. शिवाय तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते.

तानूरची घटना या चर्चेत विशेष महत्त्वाची आहे. मासेमारी नौकेचा आराखडा तळाच्या कप्प्यातील भाराचा विचार करून केलेला असतो. त्या कप्प्यातील भार गेला आणि वर माणसांचा मजला चढला, की नौका दिसते तीच, पण तिचा तोल वेगळा होतो. प्रवासी हे असे वजन आहे, जे कोणतीही पूर्वसूचना न देता जागा बदलते.

१९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक नौकांची पाहणी आणि नोंदणी बंधनकारक आहे. नौकेच्या स्थैर्यावर परिणाम करणाऱ्या बदलांना पूर्वमंजुरीही आवश्यक आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. जीवरक्षक जॅकेट मोजणे सोपे असते. तोल मात्र डोळ्यांनी मोजता येत नाही, त्यासाठी कल चाचणी करावी लागते. ठरावीक वजन डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायचे, लंबकाने कल मोजायचा आणि त्यावरून हिशेब मांडायचा, एवढीच ही चाचणी आहे. तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही, मात्र जाणकार लागतो.

अनुभवी तांडेल नौकेच्या डोलण्यावरूनही अंदाज बांधू शकतो. नेहमीपेक्षा सावकाश, आळसावल्यासारखी डोलणारी आणि सरळ होण्यास वेळ घेणारी नौका धोक्याची सूचना देत असते. अननुभवी प्रवाशाला तेच डोलणे सुखाचे वाटते, हा त्यातील खरा धोका आहे.

कोकणात पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्यांची डागडुजी होते. नवे इंजिन, जड विंच किंवा वाढीव केबिन बसवताना तोलाची फेरतपासणी करण्याची हीच वेळ असते. बरगीसारख्या जलाशयांतही नौकेवर छप्पर चढवताना किंवा ती प्रवाशांसाठी वापरताना हाच नियम लागू होतो. जमीन गमावून पाण्यावर संसार उभा करणाऱ्या कुटुंबांसाठी नौका हेच भांडवल आहे. तिच्या तळाशी किती वजन ठेवायचे, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवले जावे, एवढी व्यवस्था त्यांना मिळणे आवश्यक आहे.