शेनीन ब्लाँ: स्वस्त वाइनची ही जात देवळ्यात लावावी का?

कसमादे पट्ट्यात अर्ली द्राक्षांचा खेळ महाग होत चालला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये छाटणी घ्यायची, फुलोऱ्यात पावसाने गाठायचे, डाऊनी आणि घडकुजीमागे फवारण्या करत राहायचे आणि डिसेंबरच्या भावाकडे डोळे लावून बसायचे. म्हणून देवळा तालुक्यातले बागायतदार आता विचारू लागले आहेत, वाइनची द्राक्षे लावली तर? आणि लावायची तर कोणती?

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर विचार शेनीन ब्लाँपासून सुरू करावा. ही पांढरी, बियांची, लहान मण्यांची जात. मूळ फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातले. दक्षिण आफ्रिकेत तिला ‘स्टीन’ म्हणतात आणि आज तिचे क्षेत्र फ्रान्सपेक्षा तिथेच जास्त आहे. आपल्याकडे सुला वाइनरीने 1990 च्या दशकात नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लाँबरोबर हिची लागवड केली आणि ती इथे रुळली. कारण साधे आहे. आपल्या उन्हात बहुतेक पांढऱ्या जातींची साखर भरते तोवर आंबटपणा निघून जातो. शेनीन तो धरून ठेवते. उत्पादनही बरे देते. एकाच जातीपासून कोरडी, किंचित गोड, फेसाळ आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइनही करता येते. पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याला परवडणारी बाटली अनेकदा याच द्राक्षाची असते. वाइनरीला ही जात लागते ती यामुळे.

आता बाजाराकडे पाहू. 29 डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू आहे. त्यात 5 डॉलरपेक्षा जास्त आयात किमतीच्या बाटलीवरील शुल्क 150 वरून 100 टक्के झाले आणि दहा वर्षांत ते 50 टक्क्यांवर येईल. 15 डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ते 75 टक्के झाले, पुढे 25 टक्के होईल. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी 27 जानेवारी 2026 रोजी पूर्ण झाल्या. त्यातही वाइनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरले आहे आणि अगदी स्वस्त वाइनला सवलत नाही.

तुमच्यासाठी यातली किमतीची अट महत्त्वाची आहे. 5 डॉलरच्या बाटलीवर शुल्क, राज्याचा कर आणि विक्रेत्याचा नफा चढला की ती आपल्या स्वस्त बाटलीच्या फळीवर येऊच शकत नाही. धक्का आधी बसेल तो महागड्या शिराझ, काबर्नेला. स्वस्त शेनीन काही वर्षे आडोशाला आहे. पण आडोसा म्हणजे हमी नव्हे. वरच्या किमतीच्या बाटल्यांतला नफा घटला की वाइनरी खर्च कापू लागते आणि ती कात्री द्राक्षाच्या दरापर्यंत पोचते.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. ही द्राक्षे बाजार समितीत जात नाहीत. बियांमुळे ती कोणी खात नाही, बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. कारखाना बंद पडला की उभ्या उसाचे काय होते, हे विठेवाडी-लोहोणेर पट्ट्याला कुणी सांगायला नको. 2008-09 च्या मंदीत नाशिक जिल्ह्यात हेच झाले. विक्री थांबली, वाइनरी अडचणीत आल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि बागांवर कुऱ्हाड आली.

सरकारी धोरणावर विसंबून लागवड करू नका. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने या उद्योगाला उभे केले हे खरे. पण 27 जानेवारी 2022 रोजी सुपरमार्केटात वाइन विकण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, त्याला विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. वाइनवरील 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वाइनरीला परत देण्याची योजना आहे. हा परतावा रखडला की वाइनरीची रोकड आटते आणि तुमचे बिल लांबते. तेव्हा करारात दर जितका पाहाल तितकीच पैसे देण्याची तारीखही पाहा.

शेतीच्या बाजूने सांगायचे तर देवळ्याची कोरडी हवा आणि थंडीतल्या गार रात्री हिला मानवतात. सवयी मात्र बदलाव्या लागतील. अर्ली छाटणी विसरा. खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यायची, म्हणजे तोडणी वाइनरीच्या हंगामात, जानेवारी ते मार्चमध्ये येते. जीएचे डिपिंग नाही, गर्डलिंग नाही, मणी फुगवायचे नाहीत. मजुरीची मोठी बचत इथे आहे. पण घड गच्च असतात. पक्वतेच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर आतून कुजायला सुरुवात होते आणि बाहेरून दोन दिवस कळत नाही. म्हणून घडांभोवतीची पाने वेळेवर काढून हवा खेळती ठेवा. भुरीसाठी गंधक वापरत असाल तर तोडणीच्या बरेच आधी थांबवा. ते घडावर राहिले तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि माल नाकारला जातो. लागवड 110 आर खुंटावर करावी. डॉगरिजवर वेलीला नको इतका जोर येतो.

हिशेब असा करा. एकरी पाच-साडेपाच टन धरा. त्याहून जास्त माल धरला तर साखर भरत नाही आणि 21-22 ब्रिक्सची अट चुकते. समजा 40 रुपये दर ठरला, तर 5.5 टनांचे 2 लाख 20 हजार होतात. यातून तुमचा खर्च वजा करा. शेजारी अर्ली द्राक्षांचा गेल्या पाच वर्षांचा हिशेब मांडा, एका चांगल्या वर्षाचा नको. पाचपैकी दोन वर्षे पावसाने नेली असतील तर उत्तर तुमच्यासमोर येईल.

वाहतूकही धरा. देवळ्याहून दिंडोरी, नाशिक किंवा विंचूरकडे माल न्यायचा तर पहाटे तोडून ऊन चढण्याआधी क्रेट पोचले पाहिजेत. एकट्याच्या अर्ध्या एकरासाठी गाडी परवडत नाही. गावातले तीन-चार जण मिळून एकाच वाइनरीशी बोललात तर गाडी भरते आणि बोलणीही जोरात होतात.

खुंट जानेवारी-फेब्रुवारीत लावायचा आणि कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचे, तर दिवाळीआधीच माती-पाण्याचा अहवाल घेऊन वाइनरीच्या क्षेत्र अधिकाऱ्याला भेटा. त्याच्याकडून पाच वर्षांहून जास्त काळ माल देणाऱ्या दोन शेतकऱ्यांची नावे मागा आणि त्यांच्या बांधावर जाऊन एकच विचारा, गेल्या हंगामाचे पैसे कोणत्या महिन्यात मिळाले?